फळीची खालची बाजू

पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराचं दार फुगतं. आषाढात कुरकुरायला लागतं, श्रावणात त्याला खांदा लावावा लागतो आणि दिवाळी आली की काहीच झालं नव्हतं अशा थाटात पुन्हा सुरळीत मिटतं. मी दर वर्षी "या रविवारी बघतो" म्हणतो. यंदा बायकोनं रविवारची वाट पाहिली नाही. "घरात रंधे-पटाश्या मांडून बसलेला माणूस आहे, आणि दार घासायला मिस्त्री बाहेरून आणायचा," एवढं मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणून तिनं वस्तीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन केला. ते आले, दार बिजागरीतून उतरवलं, पायात दाबून धरलं, वरच्या कडेवरून आणि कुलपाच्या बाजूनं रंधा फिरवला आणि परत चढवलं. चहा उकळेपर्यंत काम संपलेलं. जाता जाता त्यांची नजर हॉलमधल्या शेल्फवर गेली. शेल्फ तेव्हा नुसतं जोडून उभं केलेलं होतं. पॉलिश नाही, पुस्तकं नाहीत. "हे कोणं केलं?" "मीच," मी म्हटलं. माणसं अशा वेळी समोरून बघतात, एखादी फळी हलवून पाहतात, "वा" म्हणतात. मिस्त्रींनी तसलं काही केलं नाही. दुसऱ्या फळीच्या खालून हात घातला, भिंतीकडच्या बाजूनं पुढपर्यंत तळवा फिरवला, मग कमरेत वाकून खालून पाहिलं. हात पँटीला पुसत म्हणाले, "भल्ला टाइम आहे साहेब तुमच्यापाशी." पैसे घेतले आणि गेले.

एवढंच झालं.

पण ते वाक्य काही जाईना. बायकोच्या मते ती शाबासकी होती. म्हातारा माणूस तोंडावर कशाला स्तुती करेल, असं तिचं म्हणणं. मुलगी पुण्याला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली, "बाबा, रोस्ट केलं त्यांनी तुला." मला दोन्ही पटत होतं. फळ्यांची खालची बाजू मी खरंच गुळगुळीत केली होती. वरची जितकी, तितकीच. रंधा, मग पातळ पत्र्याची खरवडणी, मग बारीक सँडपेपर. तिथं कुणाची नजर जाणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्याचाच थोडा अभिमानही होता. जुने कारागीर न दिसणारी बाजूसुद्धा दिसणारीइतक्याच निगुतीनं करायचे, असं मी कुठंतरी ऐकलं होतं आणि ते मला आवडलं होतं.

मग एकदा वर्ध्याला मामाकडे गेलो असताना त्याचं जुनं सागवानी कपाट हाताशी सापडलं. आजोबांच्या वेळचं, समोरून आरसा वाटावा असं पॉलिश. खालचा ड्रॉवर पूर्ण ओढून काढला आणि उलटा केला. तळाच्या फळीवर रंध्याचे रुंद, खोल पट्टे तसेच होते. एका कोपऱ्यात तर करवतीच्या दात्यांचे ओरखडेही पुसलेले नव्हते. पाठ त्याहून ओबडधोबड. नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं की हा मामाच्या कपाटाचा दोष नव्हे. जुनं फर्निचर देशी असो वा विलायती, भलेभले कारागीर ड्रॉवरचा तळ आणि कपाटाची पाठ अशीच सोडून देत. त्यांना येत नव्हतं म्हणून नव्हे. कुठं थांबायचं हे त्यांना ठाऊक होतं.

लहानपणचा एक बैल आठवला. तान्ह्या पोळ्याचा. नागपुरात वाढलेल्यांना सांगायला नको; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन गल्लीभर फिरतात, ओवाळून घेतात, बोजारा गोळा करतात. भोसल्यांच्या काळापासूनची प्रथा म्हणतात. वडिलांनी मला घेतलेला बैल काही मोठा नव्हता, पण मान डौलदार होती, वशिंड चढतं होतं आणि चाकं सरळ चालायची. वर्षभर तो माळ्यावर असायचा आणि श्रावण लागला की खाली यायचा. मी त्याला उलटा करून बघायचो. पोट तासलेलंच होतं, वाकसाच्या एकेका घावाची छोटी छोटी पाती दिसायची, मधे दोन रेघांचा पेन्सिलीचा फुलीसारखा काहीतरी हिशोब. बोट फिरवलं की कूस शिरायची. मला ते पोट वरच्या रंगवलेल्या पाठीपेक्षा आवडायचं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. तिथं कुणीतरी बसून हे केलंय, एवढं मात्र दिसायचं.

शेल्फचं लाकूड घ्यायला लकडगंजात गेलो तेव्हा फेब्रुवारी होता, हवा अजून बरी होती. तिथल्या दुकानदारांना मिस्त्रीशिवाय आलेलं गिऱ्हाईक ओळखू येतं. "मिस्त्री कोण आहे तुमचा?" मीच करणार म्हटल्यावर त्यानं एकदा माझ्या चपलांकडे पाहिलं, एकदा हाताकडे, आणि मग प्रेमानंच, पण जरा हळू आवाजात समजावून सांगायला लागला. बाहेरचा सागवान घ्या, स्वस्त पडेल. घाना, इक्वेडोर, कुठकुठून येतो आजकाल, लागवडीचा, भराभर वाढलेला. नाहीतर मग सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला इथला सागवान. सीपी अँड बेरार हा प्रांत १९५० साली नावानं संपला, १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, पण लकडगंजात मध्य प्रांत अजून शाबूत आहे आणि त्याचा भाव दर वर्षी चढतो. "अयोध्येच्या मंदिराच्या दारांना बल्लारपूरचाच गेला," तो म्हणाला, "नवीन संसदेतही आपलाच आहे." २०२३ पासून चंद्रपूरकडच्या सागवानाचा प्रत्येक विक्रेता हे सांगतो, आणि खरंच आहे ते. फक्त माझ्या शेल्फसाठी उभ्या असलेल्या ओंडक्यानं त्या बातमीच्या जोरावर भाव खाऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. ते काही चाललं नाही.

ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का होता आणि निळ्या रंगात आकडे. दुकानदारानं फूटपट्टी टाकली: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकार करून भागिले एकशे चव्वेचाळीस, म्हणजे घनफूट. मापात त्यानं कडेचा पांढरट पट्टाही धरला. सालीलगतचं हे पांढरं लाकूड कोवळं असतं. सागाच्या तपकिरी गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, त्यात तिला न मानवणारी द्रव्यं असतात. पांढऱ्यात ती नसतात, आणि वाळवीला हा फरक आपल्याआधी कळतो. नागपूरच्या काळ्या मातीवर घर बांधलेल्या कुणालाही वाळवीबद्दल वेगळं सांगायला नको. मी पांढऱ्यासाठी घासाघीस केली. त्यानं थोडं सोडलं, मी थोडं सोडलं. आरामशीनवर ओंडका चढला आणि पहिली फळी सुटली तेव्हा जो वास आला त्यासाठी मी सगळं सोडलं असतं. तेलकट, जरासा चामड्याकडे जाणारा, घशात खालपर्यंत उतरणारा. शाळेची सहल रामटेकला गेली होती तेव्हा सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून लाल करायचो आणि रक्त निघालं म्हणून बाईंना घाबरवायचो. त्या लाल रंगाचा आणि या वासाचा काही संबंध नाही, पण आरामशीनच्या त्या आवाजात मला ते बाईंचं तोंड दिसलं.

फळ्या घरी आणून पोर्चमध्ये थप्पी लावली. प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळती राहील. फळ्यांच्या दोन्ही टोकांना उरलेला ऑइल पेंट फासला, कारण टोकाकडून ओल सगळ्यात लवकर सुटते आणि तिथंच लाकूड आधी तडकतं. मग काही करायचं नव्हतं. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि रात्री थप्पीतून मधूनच टक् असा आवाज यायला लागला. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, सुरू नाही केलं?" मी म्हणायचो, सुरू आहे.

लाकूड झाडातून सुटलं तरी हवेशी त्याचा व्यवहार चालूच राहतो, हे सगळ्यांना ढोबळ माहीत असतं. नागपुरात मात्र या व्यवहाराला एक घरगुती फाटा आहे, तो म्हणजे कूलर. बाहेर मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि आत वाळ्याच्या ताट्यांमधून पाणी पिऊन आलेला वारा, उशी दमट, मीठ ओलं, कागद मऊ. एकाच दिवशी, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन ऋतू. पोर्चमध्ये कडकडीत वाळलेल्या फळ्या मोजूनमापून घट्ट जोडल्या आणि कूलरच्या तोंडासमोर ठेवल्या तर त्या आपली जागा मागणार. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत, वर्षावर्तुळांच्या दिशेनं रुंदीत पाच ते सहा टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं त्याच्या निम्म्याहूनही कमी. लांबीत जवळजवळ नाहीच. इतर लाकडांच्या मानानं हे शांत लाकूड आहे. तरीसुद्धा एक फूट रुंदीची फळी मे ते ऑगस्ट या काळात सूत-दीड सूत सरकू शकते. (आठ सुतांचा इंच. मिलिमीटरमध्ये बोलणारी नवी पिढी आली तरी सूत गेलेलं नाही.)

म्हणून शेल्फचा नकाशा काढताना मी आधी लाकडातल्या रेषा कुठून कुठं जातात ते पाहिलं. उभ्या बाजूंच्या रेषा उभ्या, फळ्यांच्या आडव्या, पण दोघींची रुंदी पुढून मागे. म्हणजे फुगतील तेव्हा दोघी एकाच दिशेनं, बरोबरीनं फुगतील, भांडण नाही. भांडण पाठीचं. पाठ अखंड लाकडाची केली तर ती डावी-उजवीकडे फुगणार आणि बाजू फाकवणार. मी पाठीला अरुंद उभ्या पट्ट्या लावल्या, कडेला अर्धी अर्धी खाच करून एकीवर एक बसणाऱ्या, मधे बारीक फट, आणि प्रत्येक पट्टीला वर-खाली मधोमध एकेकच स्क्रू. हे काम मला सगळ्यात जास्त आवडलं. त्यात ताकद लागत नाही, पट्ट्यांना हलायला जागा ठेवायची, एवढंच.

पुस्तकांचा हिशोब मात्र नीट केला. घरातल्या वजनकाट्यावर आधी मी उभा राहिलो, मग पुस्तकं कवटाळून उभा राहिलो. साध्या कादंबऱ्या, कवितासंग्रह, दिवाळी अंक असं मिसळून एक फूट रांग साधारण नऊ-दहा किलो भरते. कोशांचे खंड असले की त्याहून बरीच जास्त. आता तीन फुटांची फळी म्हणजे तीसेक किलो, आणि ते एखाद्या दिवसापुरतं नव्हे, कायमचं. बाजारातल्या पार्टिकल बोर्डाच्या फळ्यांना दोन वर्षांत पोट सुटतं ते याच्यामुळे. फळी किती वाकेल याचं गणित मोठं बेरकी आहे. पुस्तकं काठोकाठ भरली तर लांबी दुप्पट झाली की झोळ सोळा पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे अडीच फुटांची फळी केवळ सहा इंचांनी वाढवून तीन फूट केली की झोळ दुप्पट. सहा इंचांत अशी किती पुस्तकं बसणार? सहा-सात. मी अडीच फुटांवर थांबलो, जाडी सहा सूत, आणि फळीच्या पुढच्या कडेखाली एक उभी पट्टी चिकटवली. बायकोला रुंद, ऐसपैस शेल्फ हवं होतं. तिला सोळा पटीचं गणित सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "मग पुस्तकं कमी कर ना."

त्यावर माझ्याकडे गणित नव्हतं.

रंधा हा प्रकार यंत्रानं होतो तो वेगळा आणि हातानं होतो तो वेगळा. यंत्राचा आवाज घराबाहेर जातो, हाताचा घरातच राहतो. पहाटे पाचला, कूलरचा पंप बंद करून, मी पोर्चमध्ये फळी लावायचो. समोरच्या रस्त्यावर दूधवाला, मग पेपरवाला, मग फिरायला जाणारी मंडळी. पात्याला धार नीट असेल तर रंधा सुरुवातीला जरा अडतो आणि मग एकदम सुटतो, सर्रकन, आणि वरून एक अखंड साल गुंडाळत बाहेर येते. उजेडाकडे धरली की आरपार दिसते. धार गेली की तोच रंधा दचकत चालतो, आणि सागवान धार फार लवकर खातं. त्याच्यात वाळूचा अंश असतो, बोटाला तो कळत नाही, पात्याला कळतो. म्हणून एक फळी, मग दगड, पुन्हा फळी, पुन्हा दगड. रेषा उलटी आली तर लाकूड उचकटतं. मग फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून यायचं. एकाच फळीत अर्धी रेषा इकडे आणि अर्धी तिकडे असेल तर तिथं फक्त संथ हात आणि बारीक उघडलेलं पातं. या सगळ्यात डोक्यात काही नसतं असं लोक सांगतात, ध्यान वगैरे. माझ्या डोक्यात भरपूर असायचं: ऑफिसातलं बिल, मुलीचं भाडं, गुडघा. फक्त ते सगळं रंध्याच्या लांबीत बसायचं आणि टोकाला पोचलं की खाली पडायचं.

खाचा हातानंच केल्या. बाजूच्या फळीवर गुण्या लावून सुरीनं दोन रेघा, करवतीनं दोन सूत खोल काप, मधला भाग पटाशीनं काढायचा, तळ सपाट करायचा. फळी त्यात मोगरीच्या एका ठोक्यानं बसली पाहिजे. दोन ठोके लागले तर घट्ट, न ठोकता बसली तर सैल. जुने लोक सरस शिजवून वापरत, घरभर वास सुटायचा. १९५९ साली फेविकॉल आलं आणि तो वास घरांतून गेला. मला तो वास कधी मिळाला नाही म्हणून हळहळण्याइतका मी भाबडा नाही. सागवान तेलकट असल्यामुळे ताज्या रंधलेल्या कडेवरच डिंक नीट धरतो, तेव्हा रंधा, डिंक, शिकंजे हे एकाच दमात. त्या दिवशी बायको शिकंज्याचं एक टोक धरून उभी होती आणि फोनवर बहिणीशी बोलत होती. "काही नाही गं, लाकूड धरलंय."

पोळा झाल्यावर मी मिस्त्रींकडे गेलो. निमित्त खरंच होतं, करवतीचे दाते लावून घ्यायचे होते. ते काम मी दुसऱ्या कुणावर सोडू शकत नाही, आणि स्वतःवर तर नाहीच. त्यांचं दुकान म्हणजे घरापुढची टिनाची शेड. आत प्लायवूडचे तुकडे, सनमायकाच्या पट्ट्या, एक कटर मशीन. खऱ्या लाकडाचं म्हणावं असं एकच काही, ते बसले होते तो स्टूल. त्यांनी करवत हातात घेतली, उलटी-सुलटी केली, अडकवली आणि कानस चालवायला लागले, प्रत्येक दात्याला दोनदा, एक सोडून एक. मी उभाच. शेवटी विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्ही फळीखालून हात फिरवला. बरं झालंय का?"

"बरं म्हणजे? चांगलंच झालं. म्या कायले खोटं बोलू?" कानस थांबली नाही. "पण खालून कायले रंधा मारला? कोण पाह्यते?"

"कुणी नाही. वाटलं."

"माह्या बापानं मले झोडपलं होतं यापायी. ड्रॉवर करून राहिलो होतो, बारा-तेरा वर्षांचा असन. खालून साफ केला, मस्त. बाप आला, उलटून पाह्यलं, कानाखाली ठेवून देली. म्हने, या रोजाचे पैसे तुह्या सासऱ्याकडून आनतं का?"

आम्ही दोघं हसलो. ते जास्त हसले. मग सांगत राहिले. बापाच्या वेळी सागवानाचे पलंग, दिवाण, देव्हारे, पोळ्याआधी बैल. एका बैलाला किती वेळ द्यायचा हे ठरलेलं. पाठ, मान, शिंगं यांना वेळ, पोटाला नाही, कारण पोटाचे पैसे कुणी देत नाही. नंतर प्लाय आलं, मायका आला, राजस्थानकडचे कारागीर आले, कामाची तऱ्हाच बदलली. प्लायला वाईट म्हणायला ते तयार नव्हते. "प्लाय फुगत नाही, लवकर होते, गिऱ्हाईक खूश. लाकडाले कोन पैसे देते आता?" मुलगा मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, लागलाय, एसीत बसतो, हे सांगताना त्यांनी कानस खाली ठेवली. त्याला हे काम शिकवलं का, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. तो प्रश्न माझ्यासारख्यानं विचारायचा नसतो. पगार पहिल्या तारखेला खात्यात पडतो आणि रविवारी हौस म्हणून मी लाकूड तासतो. त्यांच्या घरातली विद्या पुढं चालावी अशी इच्छा बाळगायला मला काही खर्च येत नाही.

"किती दिवस लागले शेल्फाले?"

"मोजले नाहीत."

"मोजले असते तं केलंच नसतं," ते म्हणाले, आणि करवत परत दिली. पैसे सांगितले ते मला कमी वाटले. जास्त देऊ केले तर घेतले नाहीत.

घरी येऊन फळीखालून हात फिरवला. गुळगुळीतच होती. मला ती तशीच आवडते, हे मान्य करून टाकलं. त्यांच्या बापाचं तत्त्व बरोबर आहे आणि माझा हातही चुकलेला नाही. दोघांच्या घड्याळाला चावी देणारा वेगळा, एवढाच फरक. पण तो एवढासा नाही. मी जेव्हा "हातानं केलेलं" असं कौतुकानं म्हणतो तेव्हा त्यात माझ्या मोकळ्या सकाळी धरलेल्या असतात. त्यांचं तर सगळंच हातानं केलेलं होतं, ते दार घासणंसुद्धा, आणि त्याला कुणी तसं म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

पॉलिशला ऑक्टोबर उजाडू दिला. पावसाळी हवेत चपड्याचं पॉलिश लावलं तर पांढुरकं धरतं. शिवाय मला चकाकी नको होती. उकळलेलं जवसाचं तेल घेतलं. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी, भाकरीबरोबर, वरून कच्चं तेल. त्याच जवसाचं तेल लाकडाला चोळताना भूक लागते हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पहिला हात लाकूड अक्षरशः पिऊन टाकतं, आणि तपकिरीतून एकदम मधाचा रंग वर येतो, काळ्या रेषा उघड्या पडतात. दुसऱ्या हाताला ते जरा थांबतं. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मी त्या दोरीवर एकेक पसरून वाळत घातल्या. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "अहो, हे कसले कपडे?"

पुस्तकं लावायला दोन संध्याकाळी गेल्या. कोश सगळ्यात खाली, वजन तळाला राहावं म्हणून. खालच्या दोन फळ्यांमधलं अंतर त्यांच्याच उंचीवर ठरवलं होतं. मधे कविता, वर प्रवास, आणि ज्यांचं काय करायचं कळत नाही ती सर्वांत वर. बायकोनं आपली स्वयंपाकाची वही आणि एका कोपऱ्यात पितळी समई आणून ठेवली. मी काही बोललो नाही. समईचं वजन मात्र मनातल्या मनात केलं.

दिवाळीच्या आधी शेजारचे काका शेल्फ बघून गेले. त्यांना फार आवडलं. "आमच्यासाठी एक करून द्या ना, पैसे देतो, फुकट नको," ते मनापासून म्हणाले. मी गंमत म्हणून हिशोब मांडून दाखवला: सागवान, तेल, स्क्रू, आणि मिस्त्रीच्या रोजानं माझ्या सगळ्या सकाळी. ते आकड्याकडे बघत राहिले, मग हसले, मग म्हणाले, "यात तर बाइक येते." मी त्यांना मिस्त्रींचा नंबर दिला. मिस्त्रींनी धनत्रयोदशीच्या आत कपाट उभं केलं. प्लायवूड, अक्रोडी मायका, काचेची सरकती दारं, आत वरून पडणारा पिवळा लाइट. मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं. मायक्याचे सांधे कुठंच उघडे नाहीत, दार एका बोटानं सरकतं, कोपरे काटकोनात. खालून हात घातला तर कच्चं प्लाय, जसं असायला हवं तसं. काम चोख होतं. आत काकांच्या मुलाच्या ट्रॉफ्या, लग्नातला शोभेचा ससा, आणि एका फळीवर पुस्तकंही.

काही दिवसांनी मिस्त्री चौकात तर्री-पोह्याच्या गाडीपाशी भेटले. मी म्हटलं, "काका, कपाट मस्त झालं हो. पैसे दिले ना सगळे?"

"अर्धे देले. बाकीचे संक्रांतीनंतर देतो म्हनते."

"संक्रांतीनंतर? इतके दिवस?"

ते लिंबू पिळत होते. "मंग काय करता साहेब. थांबा लागते."

संध्याकाळी शेजारी गेलो, विषय काढायचाच असं ठरवून. काकांनी आधी मला कपाटापुढं उभं केलं, हॉलचा दिवा घालवला आणि रिमोट दाबला. लाइट आता तीन रंगांत लागत होता.